सहा इंच वर

अमाने सूपचा चमचा बशीत ठेवला आणि म्हणाली, “मला वर न्या.”

रविवारचं जेवण चाललं होतं. माझा धाकटा भाऊ बेन्यात शिकारीहून रिकाम्या हाताने परतला होता, म्हणून तोंड जास्त चालवत होता. बोलता बोलता त्याने सांगितलं की पलीकडच्या उतारावरून त्याला आइताची राई दिसली. झऱ्याजवळची, अ‍ॅस्पनची. अर्ध्याहून जास्त झाडं शेंड्याकडून वाळली आहेत, दोनेक हिवाळ्यांत सगळी आडवी होतील, असं म्हणून त्याने पावाला हात घातला. ते वाक्य कुणाच्या ताटात पडलं हे त्याच्या लक्षातही आलं नाही. बेन्यातचं हे नेहमीचंच.

अमा म्हणजे आमची आई, आणि आइता म्हणजे वडील, गानिश. बास्क देशातून नेवाडात मेंढ्या राखायला आले आणि इथलेच झाले. मेंढ्यांबरोबर एकटा उन्हाळा काढणारा प्रत्येक मेंढपाळ अ‍ॅस्पनच्या पांढऱ्या सालीवर काही ना काही कोरतो. कोरतो म्हणजे काय, चाकूच्या टोकाने केसाएवढा ओरखडा काढतो. त्या दिवशी त्याला स्वतःलाही काही दिसत नाही. पुढचं काम झाडाचं. वर्षं जातात, ओरखडा काळा पडतो, फुगतो, आणि मग लांबूनही वाचता येतो. आइतांनी लग्नाच्या दिवशी अमाला सांगितलं होतं, वर एका झाडावर तुझं नाव आहे.

आमच्या घरातली सगळी भांडणं शेवटी त्या झाडापाशी येऊन थांबायची. अमाला परत जायचं असायचं. पाच वर्षं राहू आणि परत जाऊ, या बोलीवर ती आली होती. तिच्या माहेरच्या घराचं नाव हारिस्पे, म्हणजे ओकांच्या सावलीतलं. तिकडे माणसाला घराच्याच नावाने हाक मारतात, त्यामुळे गावात तिला कातालिन असं कुणी म्हणायचंच नाही. हारिस्पे जाते आहे, हारिस्पेला बोलवा, असं चालायचं. इकडे आली आणि मिसेस अमुक झाली. विषय निघाला की आइता म्हणायचे, “तिकडे काय ठेवलंय?” आणि दार ओढून बाहेर जायचे. मग अमा मागून ओरडायची, “मग इथे तरी काय ठेवलंय? एक झाड! तेही कुणी पाहिलंय?”

पाहिलं खरंच कुणी नव्हतं. उन्हाळाभर अमा शहरातल्या मेंढपाळांच्या खाणावळीत भांडी घासत असायची. बेन्यात लहानपणी खालच्या तळापर्यंत किराणा पोचवायला जायचा, पण वरच्या राईत आइतांनी कुणालाच नेलं नाही. “ते माझं ऑफिस आहे,” म्हणायचे. मग अमाचे खुबे गेले. मग आइता गेले. मग वणवा लागला, त्यानंतरच्या ढगफुटीत ओढ्याने रस्त्यावर दगड आणून टाकले, आणि तो रस्ता नकाशावर तेवढा राहिला.

“अमा, घोड्यावर तुला जमणार नाही,” मी म्हटलं.

“मी घोडा म्हटलं का?”

“बेन्यातच्या शिकारीच्या उघड्या चारचाकीत तर डॉक्टर बसूच देणार नाहीत. तुझा कणा एकदा मोडलाय.”

“ग्रासी, तू शाळेची बस चालवतेस ना? मग चालवण्याचं बघ. डॉक्टरकी करू नकोस.”

बेन्यातने पाव खाली ठेवला. त्याचे डोळे चमकले तेव्हाच मला कळायला हवं होतं. “अमा,” तो म्हणाला, “मी पिकअप उचलतो.”

आमच्याकडे पिकअप उचलणं म्हणजे हाताने नव्हे. खालची स्प्रिंगं, पाटे, शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून गाडीचं सगळं धूड चाकांपासून वर न्यायचं. निम्म्या गावाला हे वेड आहे. त्यातल्या निम्म्यांना दगडधोंड्यांशी काही देणंघेणं नाही, नुसतं किराणा दुकानासमोर उंच दिसायचं असतं. बेन्यातला पंचवीस वर्षं निमित्त हवं होतं. ते आता आईच्या तोंडून मिळालं.

हिवाळाभर त्याने माझं डोकं खाल्लं. रोज फोन. दोन इंचाची किट स्वस्त, पण त्यात नुसते स्प्रिंगांवर ठोकळे बसवायचे, ते काही खरं नाही. चार इंचाची नीट चालते, वळणावर झोकांड्या खात नाही. सहा इंचाची म्हणजे पुढची स्प्रिंगंच लांब येतात, मागे नवे पाटे, स्टिअरिंगचे दांडे खाली घ्यावे लागतात, ब्रेकच्या नळ्याही लांब लागतात.

“लग्नाच्या वेळी इतका विचार केला असतास तर आज घरात कुणीतरी दिसलं असतं,” मी म्हटलं.

“विचार केला होता म्हणूनच कुणी दिसत नाही.”

“चार घे. पुरे.”

“तुला बसमधलं कळतं, यातलं नाही.”

मला यातलंही कळतं. पण त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे कबूल करायला हवं. बर्फ वितळल्यावर आम्ही दोघं ओढ्यापर्यंत चालत गेलो. उतारावर ओढा रस्ता आडवा कापतो, आणि नेमक्या त्या जागी मेंढीएवढे दगड रुतून बसले होते. हलवावेत तर मशीन लागेल, आणि तिथवर मशीन जाणार कसं? बेन्यातने विलोच्या झुडपाची एक फांदी तोडली, सगळ्यात उंच दगडापाशी उभी धरली आणि बरोबर त्या उंचीवर चाकूने खाच केली. आइता कुंपणाचे खांब असेच मोजायचे. त्यांनी कधी पट्टी वापरली नाही.

“हे बघ,” तो फांदी नाचवत म्हणाला, “स्प्रिंगांनी गाडीचं पोट वर जातं. पण पुढच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो ना, तो स्प्रिंगांनी वर जात नाही. तो जातो फक्त मोठ्या टायरांनी. आणि एवढे मोठे टायर मडगार्डला न घासता बसायचे असतील, तर सहा इंचच लागतात. आता बोल.”

फांदीच बोलत होती. आम्ही तिथेच दगडावर बसून चीज खाल्लं. वर खिंडीच्या टोकाला राईचा पांढरा ठिपका दिसत होता. मला वाटलं, इतकी वर्षं ही बाई खालून त्या दिशेला बघत भांडी घासत राहिली, आणि आपण एकदाही तिला म्हटलं नाही, चल.

शाळेला सुट्टी लागली आणि मी बेन्यातच्या रानावरच्या शेडमध्ये मुक्काम ठोकला. जागा आइतांचीच. मेंढ्या केव्हाच विकल्या, पण त्यांचं वाडगं, पाण्याची टाकी, माल चढवायची चढण, सगळं अजून उभं आहे. पिकअपची चौकट आम्ही चार तिवयांवर ठेवली आणि चाकं काढली, तेव्हा ती बिचारी अंघोळीला उघड्या केलेल्या म्हातारीसारखी दिसायला लागली. जुने बोल्ट गंजून जागीच चिकटले होते. तेल सोडलं, हातोडा मारला, शेवटी आगीने लाल केले तेव्हा कुठे सुटले. बेन्यात गाडीखालून शिव्या देत होता, आणि त्या आइतांच्याच होत्या, हेल सुद्धा त्यांचाच. मी पाना हातात धरून ऐकत उभी राहिले. किती दिवसांनी तो आवाज ऐकला होता.

पुढची नवी स्प्रिंगं बसली. मागचे पाटे बसले. पाटे चाकांच्या अ‍ॅक्सलला आवळणारे वाकडे बोल्ट तो जुनेच वापरायला निघाला, तेव्हा मी पाना पाठीमागे लपवला.

“एकदा ताणलेला बोल्ट परत घ्यायचा नाही. तूच शिकवलंस मला.”

“अगं, चांगले आहेत.”

“आई बसणार आहे त्यात.”

त्याने नव्यांची पेटी फोडली. पुढच्या दांड्यांचे बोल्ट मात्र त्याने नुसते अडकवून ठेवले, आवळले नाहीत. त्या बोल्टांभोवती रबर असतं. गाडी अधांतरी असताना आवळलं तर खाली आल्यावर ते रबर पिळवटतं आणि वर्षभरात फाटतं. म्हणून गाडी आधी आपल्या चाकांवर, आपल्या वजनाने उभी करायची, मग आवळायचे. ती उभी राहिली तेव्हा आम्ही दोघं लांब जाऊन बघत राहिलो. बेन्यातने फांदी पुढच्या गोळ्याला लागून उभी धरली. खाच गोळ्याच्या खालीच राहिली. त्याने तिथल्या तिथे धुळीत नाच केला, बावन्न वर्षांचा घोडा. मीही टाळ्या वाजवल्या. दरवाज्याची मूठ धरून एका झेपेत आत चढले आणि हॉर्न वाजवला.

मी उंच आहे. बेन्यात माझ्याहून उंच. आम्ही आइतांवर गेलोय.

जुलैतल्या एका सकाळी मी अमाला माझ्या छोट्या गाडीतून रानावर आणलं. तिने निळा झगा घातला होता, जो ती फक्त लग्नांना घालते. मांडीवर आइतांची काळी टोपी, पायाशी शिदोरी: बटाट्याचं आम्लेट, लाल सॉसेज, पाव, आणि वाइनची कातडी पिशवी. वाटेत नुसती टोपी कुरवाळत होती.

पिकअप अंगणात धुऊन पुसून उभी होती. अमा तिच्याजवळ गेली. दाराची खालची कड तिच्या बरगड्यांशी आली.

वर झाडावर एक मॅगपाय पक्षी कलकलत होता. आम्ही दगडाची उंची मोजली होती, खाच करून मोजली होती. अमाची कुणीच मोजली नव्हती.

बेन्यातने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. अमाने एक पाय त्यावर ठेवला, मूठ धरली, दुसरा पाय उचलायला गेली आणि खुब्याने नकार दिला. पुन्हा प्रयत्न केला. ओठ पांढरे पडले.

“मी उचलतो तुला,” बेन्यात म्हणाला.

“हात लावशील तर बघ! मी काय मेंढी आहे?”

“अमा, एका मिनिटाचं काम—”

“आणि पाठीत पुन्हा काही मोडलं म्हणजे?” मी त्याच्यावर घसरले. “सहा इंच! सहाच पाहिजेत! दुकानासमोर मिरवायला पाहिजे होते तुला!”

“चार घेतले असते तर दगडावर बसलो असतो! तू होतीस ना तिथे? तू तरी कुठे म्हणालीस की अमा बुटकी आहे?”

“भांडू नका,” अमा म्हणाली. आवाज अगदी साधा होता, तोच मला सोसवला नाही. “राहू दे रे. डोंगर काय पळून चाललाय.”

डोंगर पळत नव्हता. झाडं चालली होती, आणि अमाही चालली होती, हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं. तिने टोपी नीट झटकली, जाऊन वाडग्याच्या आडव्या फळीवर बसली आणि आमच्याकडे पाठ करून खिंडीकडे बघत राहिली. तिचा मागचा अंबाडा दिसत होता, त्यात तिने चांदीची पिन खोचली होती. कुणासाठी खोचली होती? मी शेडमध्ये गेले आणि ढसढसा रडले. गाडीचा मला असा राग आला की हातोडा घेऊन तिचे दिवे फोडावेत.

बाहेर आले तेव्हा अमा उठून उभी होती. ती खिंडीकडे बघत नव्हती. मेंढ्यांच्या चढणीकडे बघत होती.

मेंढ्या ट्रकात चढवायला जी फळ्यांची उतरती गल्ली असते ना, दोन्ही बाजूंना कठडा असलेली, तिलाच आम्ही चढण म्हणतो. पायाशी जमिनीला टेकलेली, टोकाला छातीएवढी उंच. अमाने शरदातल्या कित्येक सकाळी तिथे उभं राहून मेंढ्या मोजल्या आहेत.

“गाडी इकडे आण,” ती म्हणाली. “माझं दार टोकाला लाव. नीट लाव, बोटभर फट नको.”

बेन्यातने लावली. अमाने दोन्ही हातांनी कठडा धरला आणि एकेक आडवी पट्टी पायाने चाचपत, अजिबात घाई न करता वर गेली. फळी गाडीच्या आतल्या तळापेक्षा चार बोटं वरच होती. तिला चढायचं राहिलंच नव्हतं. आत एक पाऊल टाकून ती बसली, झगा सारखा केला आणि पट्टा लावला.

“आता म्हण, मी काय मेंढी आहे,” बेन्यात म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते.

“मेंढी कधी आपणहून चढली आहे का? मागून ढकलायला लागायचं. चल आता.”

मी मागच्या सीटवर बसले. ओढ्यापाशी बेन्यातने गाडी सगळ्यात खालच्या गिअरमध्ये टाकली. पुढचं चाक दगडावर चढलं, गाडी वाकली. अमाच्या हातात टोपी घट्ट. खाली लोखंडाला काहीच लागलं नाही. नव्या स्प्रिंगांनी आम्हाला अलगद पलीकडे ठेवलं. एवढ्या वाटेत अमाच्या पाठीला एक दणका बसला नाही, आणि माझा गाडीवरचा राग निवला.

राईत शिरलो तेव्हा सगळीकडे नावंच नावं. बहुतेक झाडं उभी होती, काही आडवी, साल सोललेली. नावं, गावं, आणि उन्हाळाभर बाई न पाहिलेल्या माणसांनी काढलेल्या बायका. अंगावर कपडे नसलेल्या.

“हे कुणी काढलं?” अमाने करड्या आवाजात विचारलं.

“आइतांनी नाही, अमा,” बेन्यात घाईघाईने म्हणाला. “हात वेगळा आहे.”

“तू कधीपासून ओळखायला लागलास हात?”

झऱ्यापाशी आइतांचं नाव सापडलं. गानिश. अक्षरं काळी, फुगलेली, तरी ठणठणीत. अमा त्याच्या आजूबाजूच्या प्रत्येक खोडावर नजर फिरवत राहिली. बेन्यातने गाडी पुढे घेतली, मागे घेतली. कातालिन कुठेच नव्हतं. जमिनीपासून माणसाच्या हातापर्यंत सगळी खोडं बघून झाली.

“नाहीये,” अमा म्हणाली. “मला वाटलंच होतं. बोलायला काय जातं माणसाचं.” तिने टोपी उलटी करून मांडीवर ठेवली. मी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, म्हणजे तिला किती लागलं होतं ते समजून घ्या.

बेन्यात गाडी वळवायला राईच्या पलीकडच्या कडेने गेला. तिथे वाट झाडांच्या इतकी जवळून जाते की फांद्या काचेला घासत होत्या.

“थांब,” अमा म्हणाली.

तिच्या खिडकीसमोर, तिच्या डोळ्यांच्या बरोबर उंचीवर, सालीवर एक घर होतं. आइता घोड्यावरून उतरायचा नेहमी कंटाळा करायचे. हे खोगिरावर बसूनच कोरलेलं. जमिनीवर उभ्या माणसाने मान वर केल्याशिवाय ते दिसलंच नसतं, आणि चार इंचाच्या गाडीतूनही अमाला अर्धंच दिसलं असतं. रुंद छप्पर, एका बाजूला खाली उतरलेलं. बाहेरून जाणारा जिना. भिंतीला टेकलेला भाकरीच्या भट्टीचा फुगवटा.

“काच खाली कर.”

बेन्यातने केली. अमाने हात बाहेर काढला. सुरकुतलेली बोटं छपरावरून फिरली, जिन्यावरून एकेक पायरी करत चढली.

“हारिस्पे,” ती म्हणाली.

नाव सापडलं होतं. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं.

गाडी हातभर पुढे गेली, आणि पुढच्या झाडावर पुन्हा तेच घर. त्याच्या पुढच्यावरही. प्रत्येक उन्हाळ्यात एक, जिथवर ओळ दिसत होती तिथवर. अमा आता भानावर नव्हती, किंवा पहिल्यांदाच भानावर होती. “इथे खिडक्या चुकवल्यात, बघ. वर तीन आहेत, दोन नाहीत. त्याने घर रस्त्यावरून बघितलेलं, आत कुठे आला होता तेव्हा? हे बघ, इथे तीन केल्या. म्हणजे मला विचारलं असणार. हो, एकदा विचारलं होतं, भांडी घासताना. वर खिडक्या किती गं? मी म्हटलं, तुला काय करायच्यात? ... इथे अंजिराचं झाड घातलंय. आणि ही खिडकी उघडी. ही माझी खिडकी, ग्रासी. ही माझी.”

उघड्या खिडकीत एक ठिपका होता. डोकं म्हणता येईल असा.

बेन्यातने इंजिन बंद केलं. पानं सळसळत होती. अमाचा हात सालीवरच होता आणि ती रडत होती, आणि रागाने लालही झाली होती.

“तिकडे काय ठेवलंय, म्हणायचा मला,” ती म्हणाली. “आयुष्यभर म्हणाला. आणि स्वतः लबाड दर उन्हाळ्यात घरी जाऊन यायचा. एकटा. मला घेतल्याशिवाय.”

बेन्यात नाक ओढत म्हणाला, “अमा, चार इंचाची किट बसवतो हवं तर. तुला खाली उतरता येईल, असं काहीतरी—”

“गाडीला हात लावू नकोस,” अमा म्हणाली. तिने आइतांची टोपी डोक्यावर घातली आणि पुढच्या झाडाकडे बघितलं. “थोडी पुढे घे. घराचं दार माझ्या बाजूला येऊ दे.”